पाच मिनिटांचं चिनी बीफ आणि त्याआधीचा तास

चिनी पद्धतीनं परतलेलं बीफ पटकन होतं, हे खरं आहे. पण ते पटकन होतं शेगडीवर. तिथलं काम चार-पाच मिनिटांत आटोपतं. त्याआधी मांस गारठवणं, कापणं, मुरवणं आणि वाट्या भरून ओट्यावर मांडून ठेवणं यात तासभर जातो. त्यातला बराचसा वेळ नुसता थांबण्याचा असतो, भात लावायला आणि भाज्या चिरायला तो पुरतो. हा तास वाचवायला गेलं की ताटात चिवट, करडे तुकडे येतात आणि खापर शेगडीवर फुटतं. शेगडीचा दोष असतो, पण थोडाच. मांस मऊ होणार की नाही हे सुरी खाली ठेवता ठेवताच बहुतेक ठरून गेलेलं असतं.

इथे घेतलेला पदार्थ दक्षिण चीनमधल्या ग्वांगदोंग प्रांतातला, म्हणजे कँटोनीज स्वयंपाकातला: ढोबळी मिरची घातलेलं बीफ, ऑयस्टर सॉसमध्ये, म्हणजे कालवांच्या अर्काच्या सॉसमध्ये. गाडीवरच्या चायनीजची चव डोक्यात असेल तर ती बाजूला ठेवा. यात पिठात बुडवून तळणं नाही, लाल रंग नाही, शेजवान चटणी नाही, व्हिनेगरही नाही. रस्साही नसतो. मांसाच्या कापांवर सॉसचा पातळसा चकचकीत लेप बसतो आणि ताटलीच्या तळाशी चमचाभर उरतो, एवढंच.

एक गंमत म्हणजे चीनच्या शेतकरी भागात बीफ हे काही रोजचं खाणं नव्हतं. बैल नांगराला लागायचा आणि वेगवेगळ्या राजवटींनी तो मारायला बंदी घातलेली होती. रोजचं मांस डुकराचं. तैवानमधल्या जुन्या शेतकरी घरांत आजही बीफ न खाणारी माणसं सापडतात, आणि कारण विचारलं तर पोळ्याला बैल सजवणाऱ्या कुणालाही ते लगेच कळेल.

कुठलं मांस घ्यायचं

तीनशे ग्रॅम पुरे. भाताबरोबर दोघांचं पोटभर जेवण होतं. अमेरिकेत असाल तर फ्लँक स्टेक मागा, इंग्लंडात रंप किंवा बव्हेत. फ्लँक आणि बव्हेत हे पोटाकडचे भाग, त्यांचे तंतू लांब आणि डोळ्यांना स्वच्छ दिसणारे असतात, त्यामुळे नवख्या हाताला कुठं कापायचं ते समजतं. 'स्ट्यूसाठी' असं लिहिलेले चौकोनी तुकडे घेऊ नका. ते खांद्याचे किंवा पायाचे असतात, त्यांना दोन तास मंद आच हवी. इथे ते दोन मिनिटांत दगड होतात.

महाराष्ट्रात २०१५ पासून गाईबरोबर बैल आणि वळू यांच्याही कत्तलीवर बंदी आहे, त्यामुळे बाजारात 'मोठ्याचं' म्हणून मिळतं ते म्हशीचं किंवा रेड्याचं. या पदार्थाला ते छान चालतं. रंगानं गडद, चरबी कमी आणि तंतू जरा भरड, म्हणून काप आणखी पातळ हवेत आणि मुरवायला दहा मिनिटं जास्त द्यायची. खाटकाकडे 'अंडरकट' मागितलं तर पाठीच्या आतला मऊ भाग मिळतो. महाग असतो, पण तो मऊ करायला खायच्या सोड्याची गरज लागत नाही (सोड्याबद्दल पुढे येईलच). पहिल्यांदा करणाऱ्यानं खरं तर तोच घ्यावा, पैसे वसूल होतात. गोव्यातही दुकानात हाच शब्द चालतो.

कापणं

मांस फ्रीजरमध्ये अर्धा तास ठेवा. गोठवायचं नाही, बोटानं दाबलं तर किंचित दबेल इतपत घट्ट करायचं. मऊ मांस सुरीखाली सरकतं आणि काप एकीकडे जाड, एकीकडे पातळ होतो.

आता मांसाकडे नीट पाहा. एका दिशेनं जाणाऱ्या बारीक रेषा दिसतील. ते स्नायूंचे तंतू. चिनी स्वयंपाकघरात एक ठरलेला दंडक आहे: गाय-बैल आडवा कापावा, डुक्कर उभं, कोंबडी तिरकी. आडवं म्हणजे सुरी त्या रेषांना छेदून गेली पाहिजे. रेषांच्या दिशेनं कापलंत तर प्रत्येक घासात लांबच लांब दोरे येतात आणि ते तोडायचं काम दातांवर पडतं. आडवं कापलं की तंतूंचे तीन-तीन मिलिमीटरचे तुकडे होतात, दातांना काही करावंच लागत नाही.

तुकडा मोठा असेल तर आधी तंतूंच्या दिशेनं चार-पाच सेंटिमीटर रुंद पट्ट्या पाडा, मग प्रत्येक पट्टीचे आडवे काप काढा. जाडी तीन मिलिमीटर, सुमारे एक रुपयाची दोन नाणी एकावर एक ठेवावीत तेवढी. सुरी थोडी कलती धरली तर काप रुंद निघतात. पांढरी चिवट शीर दिसली तर ती काढून टाका, सोड्यानंही ती नरमत नाही. फ्लँकचा तुकडा मध्येच दिशा बदलतो असं नाही, पण रंपमध्ये दोन स्नायू एकमेकांना चिकटलेले असू शकतात आणि दोघांच्या रेषा वेगळ्या. तिथे आधी ते सुटे करा आणि मग कापा. धार नसलेल्या सुरीनं हे होत नाही. नवीन वॉक, म्हणजे चिनी कढई, घ्यायच्या आधी सुरीला धार लावून आणा.

मुरवणं

आपण मटण दह्यात, आलं-लसणात, हळदीत मुरवतो ते चव आत जावी म्हणून. इथे मुरवण्याचा मुख्य हेतू मांसात पाणी भरणं आणि ते आत टिकवणं हा आहे. चव बरीचशी शेवटच्या सॉसमधून येते. म्हणून क्रमाला महत्त्व आहे, सगळं एकदम ओतून कालवायचं नाही.

चमचा म्हणजे पुढे सगळीकडे पाच मिलिलिटरचा चहाचा चमचा, मोठा चमचा म्हणजे पंधराचा.

आधी तीनशे ग्रॅम मांसावर पाव चमचा खायचा सोडा भुरभुरा आणि दोन मोठे चमचे पाणी घालून हातानं कालवा. नुसतं हलवायचं नाही, बोटांनी उचलून, दाबून, एकाच दिशेनं फिरवत राहायचं. मिनिटभरात पाणी दिसेनासं होतं आणि काप हाताला बुळबुळीत, जड लागतात. चिनी आचारी याला मांसात पाणी मारणं म्हणतात. सोड्यानं मांसाचा पृष्ठभाग अल्कधर्मी होतो, त्यामुळे गरम झाल्यावर प्रथिनं एकमेकांना घट्ट आवळून बसत नाहीत आणि आतलं पाणी पिळून बाहेर पडत नाही. पाव चमचा म्हणजे सपाट पाव चमचा. अर्धा घातला तर मांस स्पंजासारखं होतं आणि साबणाची चव येते. अंडरकट असेल तर सोडा वगळा, पाणी मात्र घाला.

मग एक मोठा चमचा साधा सोया सॉस, दोन चमचे शाओशिंग नावाची तांदळाची वाइन, अर्धा चमचा साखर, चिमूटभर पांढरी मिरपूड. पुन्हा कालवा. त्यानंतर दोन चमचे कॉर्नफ्लोर. हे पीठ कापांभोवती पातळ आवरण धरतं, आचेचा पहिला तडाखा ते सोसतं आणि पुढे सॉस त्यालाच चिकटतो. सगळ्यात शेवटी एक मोठा चमचा तेल, म्हणजे कढईत टाकल्यावर काप एकमेकांना न चिकटता सुटतात. तेल आधी घातलं तर पाणी आत जातच नाही, म्हणून ते शेवटी.

झाकून वीस मिनिटं ठेवा. उन्हाळा असेल तर फ्रीजमध्ये ठेवा, पण कढईत टाकायच्या दहा मिनिटं आधी बाहेर काढा.

बाटल्यांबद्दल

चिनी दुकानात सोया सॉसच्या कपाटासमोर माणूस गोंधळतो. दोनच प्रकार ओळखा. शंगचोउ म्हणजे पातळ, खारट, रोजचा. लाओचोउ म्हणजे गडद, दाट, थोडा गोडसर, रंगासाठी. कृतीत नुसतं सोया सॉस लिहिलं असेल तर पहिला. दुसरा अर्ध्या चमच्याहून जास्त कधी घालू नका, नाहीतर पदार्थ काळा होतो. भारतात किराणा दुकानात मिळणारी गडद सोया सॉसची बाटली बहुतेक दुसऱ्याच्या जवळची असते, म्हणून ती वापरताना प्रमाण निम्मं करून चव घ्या.

ऑयस्टर सॉस हा कालवांच्या अर्काचा. ली कुम की या कंपनीच्या म्हणण्याप्रमाणे तिचे संस्थापक ली कुम शेंग यांनी तो १८८८ मध्ये ग्वांगदोंगमधल्या नानशुई गावात शोधला, चुलीवर कालवांचं पातेलं विसरल्यामुळे. गोष्ट कितपत खरी ते सोडा, सॉस चांगला आहे. बाटलीवरच्या घटकांत कालवांचा अर्क वरच्या क्रमांकावर असेल ती घ्या. साखर आणि पाणी आधी आणि कालवं शेवटी असतील तर नुसता गोड चिकटा हाती येतो. शिंपल्यांची ॲलर्जी असलेल्यांसाठी मश्रूमचा तसाच दिसणारा सॉस मिळतो, तो चालतो.

शाओशिंग ही चीनच्या जजियांग प्रांतातल्या त्याच नावाच्या शहराची तांदळाची वाइन. नसेल तर कोरडी शेरी. तीही नसेल किंवा दारू घरात नको असेल तर सोडून द्या. तिच्या जागी व्हिनेगर मात्र घालू नका, तो वेगळाच पदार्थ होईल.

तेलाच्या बाबतीत आपण नशीबवान आहोत. ग्वांगदोंगमध्ये घरोघरी शेंगदाण्याचं तेल वापरतात, त्याचा वास या पदार्थात मुद्दाम हवा असतो. परदेशात ते शोधायला लागलं तर त्रास घेऊ नका, सूर्यफूल किंवा कनोला चालेल. ऑलिव्ह तेल नको.

वाट्या मांडणं

मांस मुरेपर्यंत बाकीचं. एक मोठी हिरवी ढोबळी मिरची, तुकडे कापांएवढेच. अर्धा कांदा, पाकळ्या सुट्या करून. लसणाच्या तीन पाकळ्या चिरून, आल्याचा अंगठ्याएवढा तुकडा पातळ चकत्या करून. पातीचे कांदे तीन, पांढरा भाग आणि हिरवी पात वेगवेगळ्या वाटीत. भाज्या धुतल्या असतील तर फडक्यानं कोरड्या करा. हे सांगण्यासारखं वाटत नाही, पण ओल्या ढोबळीमुळे कढईत पाणी साठतं.

सॉसची वाटी: ऑयस्टर सॉस एक मोठा चमचा, साधा सोया सॉस एक चमचा, गडद सोया अर्धा चमचा, साखर अर्धा चमचा, कॉर्नफ्लोर एक चमचा, पाणी तीन मोठे चमचे. मीठ घालू नका. आणखी दोन वाट्यांत एक मोठा चमचा शाओशिंग आणि अर्धा चमचा तिळाचं तेल, वेगवेगळं.

तिळाच्या तेलाबद्दल सावध राहा. इथे भाजलेल्या तिळांचं गडद तेल हवं. आपल्याकडचं कच्च्या तिळांचं फिकट तेल तो वास देत नाही.

भात आता लावा, म्हणजे मांस होईपर्यंत तयार असेल. बासमतीचे सुटे दाणे या सॉसला धरत नाहीत. जास्मिन तांदूळ मिळाला तर उत्तम, नाहीतर इंद्रायणी किंवा आंबेमोहोर. चिकटसर भात चॉपस्टिकनंही उचलता येतो.

शेगडीवर

हॉटेलातली शेगडी घरच्या शेगडीच्या कित्येक पट आच देते. ग्वांगदोंगची माणसं ज्याला 'वॉक हेइ' म्हणतात, तो परतलेल्या पदार्थाला येणारा किंचित जळका, धुरकट वास, त्या आचेतून येतो. घरी तो पूर्ण मिळणार नाही. पण कढई आधी पुरती तापवली आणि एका वेळी थोडंच टाकलं तर बरंच जवळ जाता येतं.

भांडं लोखंडाचं असावं. कार्बन स्टीलचा वॉक असेल तर उत्तम, नसेल तर आपली लोखंडी कढई. विजेच्या किंवा इंडक्शनच्या शेगडीवर सपाट बुडाचं हवं, गोल बुड नुसतं टेकून राहतं. नॉनस्टिक पॅन रिकामा असा तापवायचा नसतो. सुमारे २६० अंश सेल्सिअसच्या वर त्याचा लेप खराब होऊ लागतो. नॉनस्टिकच असेल तर मध्यम-मोठ्या आचेवर, तेल घालूनच तापवा आणि मांसाचे तीन घाणे करा. परदेशातल्या फ्लॅटमध्ये असाल तर आधी खिडकी उघडा आणि एक्झॉस्ट लावा. धुराचा अलार्म वाजल्यावर मांस थांबत नाही.

चिनी आचाऱ्यांचा एक मंत्र आहे: तापलेली कढई, गार तेल. कोरडी कढई मोठ्या आचेवर दोन-तीन मिनिटं तापवा. पाण्याचा थेंब टाकला तर तो चरचरत सुकण्याऐवजी मण्यासारखा पळायला हवा, किंवा कढईतून हलकासा धूर निघायला हवा. मग दीड मोठा चमचा तेल कडेनं फिरवून सोडा आणि लगेच निम्मं मांस टाका. निम्मंच. सगळं एकदम टाकलं की कढई गार पडते, मांसातून पाणी सुटतं आणि परतायचं सोडून उकळायला लागतं. करडं, रबरासारखं बीफ होतं ते इथेच.

काप चटकन एका थरात पसरा आणि अर्धा मिनिट हात लावू नका. आपल्या हाताला सतत हलवायची सवय असते, ती इथे आवरायची. खालची बाजू तपकिरी झाली की काप आपोआप सुटतात. सुटत नसतील तर अजून दहा सेकंद थांबा. मग उलटा, आणखी वीस-तीस सेकंद, आणि ताटलीत काढा. कुठंकुठं अजून गुलाबी दिसत असेल तर ते बरोबर आहे, पुढच्या फेरीत ते शिजतं. उरलेलं मांस थोडं तेल घालून तसंच.

कढईला काही चिकटलं असेल तर कागदानं पुसून घ्या. जळलेला कॉर्नफ्लोर कडू लागतो. चमचाभर तेल, आल्याच्या चकत्या, लसूण, पातीचा पांढरा भाग. दहा सेकंदांत वास सुटेल. लसूण लाल व्हायची वाट पाहू नका, ही फोडणी नव्हे. कांदा आणि ढोबळी टाका, मोठ्या आचेवर मिनिटभर परता. ढोबळीचा रंग उजळ होतो आणि सालीवर एखाद-दुसरा काळा डाग येतो, तेवढं पुरे. ती कुरकुरीत राहायला हवी.

शाओशिंग कढईच्या कडेनं ओता, मध्ये नको. कडेला ती चर्र करून उडते आणि वास वर येतो. गॅसवर ती क्षणभर पेट घेऊ शकते, चेहरा लांब ठेवा. मांस आणि ताटलीत सुटलेला रस दोन्ही परत टाका. सॉसची वाटी पुन्हा ढवळा, कॉर्नफ्लोर नेहमी तळाशी बसतो, आणि ओता. वीस-तीस सेकंदांत पांढुरकं पाणी पारदर्शक आणि चकचकीत होतं. आच बंद. हिरवी पात, तिळाचं तेल, एकदा हलवा आणि ताटलीत. कढईत ठेवून दिलं तर उरलेल्या उष्णतेवर मांस शिजतच राहतं, आणि आत्तापर्यंतची सगळी मेहनत वाया जाते.

विजेची शेगडी मंद असेल तर

विद्यार्थ्यांच्या वसतिगृहांत आणि भाड्याच्या खोल्यांत बहुतेक वेळा अशीच शेगडी वाट्याला येते. हॉटेलांत मांस परतण्याआधी कोमट म्हणावं अशा तेलात, साधारण १३० ते १५० अंशांवर, काही सेकंद सोडून काढतात. घरी एवढं तेल कोण वापरणार? त्याऐवजी पातेल्यात पाणी उकळा, चमचाभर तेल घाला, मुरलेलं मांस दोन वेळा करून सोडा, चमच्यानं सुटं करा आणि रंग बदलताच, तीस-चाळीस सेकंदांत, झाऱ्यानं काढा. चाळणीत चांगलं निथळू द्या. मग कढईत भाज्या परतून हे मांस शेवटी सॉसबरोबर अर्धा मिनिट. तपकिरी चट्टे येणार नाहीत, पण मांस इतकं मऊ राहतं की मंद शेगडीवर मला हीच पद्धत जास्त भरवशाची वाटते. मांस मुरवताना पाणी एक चमचा कमी घाला, म्हणजे पिठाचा लेप उकळत्या पाण्यात सुटून जात नाही.

बिघडलं तर

सॉस खळीसारखा घट्ट झाला तर दोन चमचे गरम पाणी घालून हलवा. पातळ राहिला तर अजून कॉर्नफ्लोर ओतायच्या आधी दहा सेकंद आचेवर थांबून बघा, बहुतेक वेळा तो उकळलेलाच नसतो. खारट झालं तर साखर घालून काही होत नाही. आणखी एक ढोबळी वेगळी परतून मिसळा आणि भात जास्त वाढा. मांस चिवट झालं तर त्या दिवशी इलाज नाही. एक काप उचलून तंतू कुठल्या दिशेनं आहेत ते पाहा, पुढच्या वेळी कुठं कापायचं ते कळेल.

हात बसल्यावर

हेच काप, हाच क्रम, फक्त मसाला बदलला की चीनचा दुसरा भाग ताटात येतो. ढोबळीबरोबर एक मोठा चमचा खारवलेली आंबवलेली काळी सोयाबीन, जिला दोउची म्हणतात, ठेचून लसणाबरोबर परतली की कँटोनीज घरांत होणारा दुसरा नेहमीचा प्रकार होतो. तेव्हा ऑयस्टर सॉस निम्मा करा. वायव्य चीनमधल्या शिनजियांगकडची चव हवी असेल तर ऑयस्टर सॉस वगळून भरड कुटलेलं जिरं दोन चमचे, सुकी लाल मिरची आणि शेवटी मूठभर कोथिंबीर.

पण मराठी जिभेला सगळ्यात जवळचं वाटेल ते चीनच्या हुनान प्रांतातलं. तिथे ढोबळीऐवजी तिखट हिरव्या आणि लाल मिरच्या बारीक चिरून, लोणच्यातल्या आंबट मिरच्यांसकट, भरपूर लसणाबरोबर मोठ्या आचेवर परततात आणि शेवटी चिनी सेलरी किंवा कोथिंबिरीचे देठ घालतात. सॉस जवळजवळ नसतोच, थोडा सोया सॉस आणि तेल. लोणच्याच्या मिरच्या म्हणजे आपली मोहरी-हिंगाची लोणच्याची मिरची नव्हे, मिठाच्या पाण्यात आंबवलेली, तीही चिनी दुकानात बरणीत मिळते. तीनशे ग्रॅम मांसाला आठ-दहा हिरव्या मिरच्या घ्या. लवंगी वापरणार असाल तर चारच.